मोनालिसा झाली, पांडवलेणी राहिली

पॅरिसहून परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोलादपूरच्या घरी चौकशी समिती बसली. आई, बाबा, महाडहून आलेली ताई, तिची दोन मुलं आणि शेजारच्या काकू. मधोमध चॉकलेटांचा डबा.

‘काय काय बघितलंस गं तिकडं?’ काकूंनी सुरुवात केली.

‘लिफ्ट,’ मी म्हटलं.

काकूंचा चेहरा पडला. आयफेल टॉवर, अत्तरं, गेला बाजार एखादं रस्त्यातलं चुंबन, एवढी तरी त्यांची अपेक्षा होती. ‘अगं, लिफ्ट काय पुण्यात नाहीत?’

आहेत ना, काकू. पण ही लिफ्ट वेगळी होती. सांगते.

नेहमीच्या वाचकांना माझी कुंडली पाठ आहे, नव्यांसाठी थोडक्यात. जन्म १९८८. अकराव्या महिन्यात पोलिओ. देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली १९९५ साली, म्हणजे तिची आणि माझी चुकामूक सात वर्षांनी झाली. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबड्या आणि लांबच्या पल्ल्यासाठी घडीची व्हीलचेअर. नोकरी हिंजवडीला. ऑफिसात सॉफ्टवेअरमधले बग शोधते, बाहेर पडले की जगातल्या पायऱ्या मोजते. दुसरं काम बिनपगारी आहे, पण अनुभव दांडगा!

तर, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑफिसनं दोन आठवडे पॅरिसला धाडलं. ऑनसाइट! मधल्या रविवारी मी आणि माझी चेन्नईची कलीग लूव्र बघायला निघालो. जगातलं सगळ्यात गाजलेलं म्यूझियम. मी मनाची तयारी करूनच गेले होते. तयारी म्हणजे काय, तर आमची ठरलेली पद्धत असते. आधी लांबूनच अंदाज घ्यायचा, पायऱ्या मोजायच्या, आणि एक वाक्य जिभेवर तयार ठेवायचं : ‘तुम्ही जा रे, मी इथंच बसते, मला नाहीतरी कंटाळाच आलाय.’ हे वाक्य मी बारा तऱ्हांनी म्हणू शकते. आवाज जराही न हलवता.

लूव्रला ते वाक्य जिभेवरच राहिलं.

राणीची लिफ्ट

लूव्रच्या अंगणात तो काचेचा पिरॅमिड आहे, फोटोत सगळ्यांनी बघितलेला. १९८९ साली उघडला. बाहेर ही लांब रांग. दारावरच्या माणसानं माझ्याकडं बघितलं आणि हातानंच दुसरी वाट दाखवली. तिकीट नाही. दिव्यांगांना प्रवेश मोफत, सोबतच्या एका माणसालाही मोफत. (कलीगनं तिथंच जाहीर केलं, ‘यापुढं प्रत्येक म्यूझियमला मी तुझ्याबरोबरच येणार!’)

आत गेलं की खाली उतरायला एक गोल, नागमोडी जिना आहे. आणि त्या जिन्याच्या बरोब्बर मधोमध एक गोल खांब. तो खांब म्हणजेच लिफ्ट. वर छप्पर नाही, मोकळी, जत्रेतल्या पाळण्यासारखी. आपण त्यात बसायचं आणि तो खांब हळूहळू जमिनीत शिरतो. आजूबाजूच्या जिन्यावरून माणसं उतरतायत आणि मधोमध मी, राणीसारखी, अलगद खाली येतेय.

आता मुद्दा ऐका. आपल्याकडं रॅम्प असलाच तर तो कुठं असतो? इमारतीच्या मागं. जनरेटर, कचऱ्याचे डबे आणि वॉचमनची सायकल यांच्या मधून. त्याला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडं असते तो नेमका जेवायला गेलेला असतो. लूव्रवाल्यांनी लिफ्ट दारामागं लपवली नाही, जिन्याच्या पोटात मांडली. बघा म्हणाले, ही पण आमचीच पाहुणी.

मोनालिसाची गंमत तर पुढंच. ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, एवढंसं चित्र. आपल्या घरातलं पंचांगाचं कॅलेंडर त्याहून फार लहान नसेल. समोर शंभर-दोनशे माणसं मोबाइल उंचावून उभी. मी व्हीलचेअरवर, म्हणजे मला दिसत होत्या फक्त पाठी आणि बॅगा. तेवढ्यात तिथल्या गार्डबाईंनी पट्टा बाजूला केला आणि मला पुढं घेतलं. पार पुढं. सगळ्या गर्दीच्या समोर. मोनालिसा आणि मी, मध्ये कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा रांगेतल्या धडधाकट माणसांना माझा हेवा वाटला असेल!

आणि एक शोध लागला. लूव्रच्या ज्या दोन बायकांपुढं जग हात जोडतं, त्यातली मिलोची व्हीनस, तिला दोन्ही हात नाहीत. दुसरी सामोथ्रेसची नाइकी. ग्रीकांची विजयदेवता, तुमच्या बुटांच्या ब्रँडला जिचं नाव आहे तीच. तिला हात नाहीत आणि डोकंही नाही. तरी कुणी त्यांच्याकडं बघून ‘अरेरे’ म्हणत नाही. ‘वा!’ म्हणतात. मला हे फार आवडलं. फक्त नाइकीबाई उभ्या आहेत एका भल्यामोठ्या जिन्याच्या माथ्यावर, म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूनं लिफ्ट, मग गॅलरी, असा वळसा घालून त्यांना बाजूनं बघितलं. बुटांच्या देवीला भेटायला कॅलिपरच्या बुटाला वळसा! चालायचंच.

पॅरिस म्हणजे स्वर्ग असा समज मात्र करून घेऊ नका. तिथली मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिची बहुतेक स्टेशनं अजून त्याच थाटात आहेत, जिने आणि जिने. पूर्णपणे बिनपायऱ्यांची म्हणावी अशी जुन्या शहरातली एकच, चौदा नंबरची लाइन. मी सगळीकडं बसनं फिरले. म्हणजे तिकडंही भांडणं संपलेली नाहीत. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लूव्र हा मुळात किल्ला आहे. ११९० च्या सुमाराला बांधायला घेतलेला. त्याच्या जुन्या तटाचे दगड आजही तळघरात बघायला मिळतात. पुढं राजवाडा झाला, १७९३ ला म्यूझियम झालं, आणि मग कधीतरी कुणीतरी विचार केला, की आता येणाऱ्या माणसांपैकी काहींना पायऱ्या चढता येणार नाहीत.

‘जुनं बांधकाम आहे हो, काय करणार’ हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. आठशे वर्षांचा किल्ला बघून आल्यावर ते पूर्वीसारखं पटेना.

पिशव्या सांभाळणारी

आता घरची गोष्ट. पोलादपूर तुम्हाला माहीत असतं ते चहापुरतं. मुंबई-गोवा हायवेवर महाबळेश्वरचा फाटा फुटतो तिथलं गाव. कवींद्र परमानंदांची समाधी इथं आहे, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात आहे, पण तुमची ट्रॅव्हल्स थांबते ती वडापावाला. अठरा-वीस किलोमीटरवर महाड. आणि महाड ओलांडून मुंबईकडं निघालं की लगेच हायवेला लागून डोंगरात दिसतात गांधारपाल्याची लेणी. आमच्याकडं पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा संबंध नाही, बौद्ध भिक्खूंची आहेत. सुमारे तीस. अठराशे वर्षांपूर्वीच्या आसपासची. खालून सावित्री आणि गांधारी वाहतात, वर दगडात कोरलेले विहार, चैत्य, शिलालेख. एका लेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचा उल्लेख आहे, हे मला पुस्तकातून माहीत. कारण मी तिथं कधी गेलेलीच नाही.

एसटीच्या खिडकीतून किती वेळा बघितली असतील? हजार वेळा तरी. रस्त्यापासून वरपर्यंत पायऱ्या आहेत.

आठवीत शाळेची सहल गेली होती. गाडी थांबली, पोरं उड्या मारत उतरली, आणि सर खिडकीपाशी येऊन म्हणाले, ‘तू बस हं बाळ इथंच. पिशव्या सांभाळ.’ वाईट नव्हते सर. उलट जीव होता त्यांचा माझ्यावर, जाताना स्वतःच्या डब्यातला लाडू देऊन गेले. चाळीस पोरांच्या चाळीस पिशव्या, ड्रायव्हरकाकांचं घोरणं आणि मी. दोन तासांनी पोरं परत आली आणि एकेकानं आपली पिशवी उचलली. ‘काय होतं रे वर?’ विचारलं, तर एक म्हणाला, ‘काय नाय, नुसत्या खोल्या.’

त्या नुसत्या खोल्या मला अजून बघायच्यात. साता समुद्रापारची मोनालिसा झाली, आणि घरापासून पाऊण तासावरची लेणी राहिली. काकूंना ‘लिफ्ट’ म्हटलं ते याचसाठी.

मेण्यातून रायगड

चौकशी समितीत त्या संध्याकाळी एकटे बाबा गप्प होते. सगळे गेल्यावर म्हणाले, ‘मला एकदा रायगडला जायचंय. समाधीला. शेवटचं.’

बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, त्याचं व्याज आता दोन्ही गुडघ्यांत जमा झालंय. १९९४ साली त्यांनी मला पाठुंगळी घेऊन रायगड चढवला होता. चौदाशेवर पायऱ्या! तेव्हा मी सहा वर्षांची. आठवतं ते एवढंच, की बाबांच्या मानेचा घाम माझ्या गालाला लागत होता आणि मी दर वळणावर विचारत होते, ‘आलं?’ ते दर वळणावर म्हणत होते, ‘आलंच.’

१९९६ साली रोपवे झाला. तळाला हिरकणीवाडी, तिथून ट्रॉलीत बसायचं, चार-पाच मिनिटांत वर. जानेवारी २०२५ मध्ये, आडवाराचा मुहूर्त बघून आम्ही निघालो. मी, बाबा, ताईची दोन मुलं आणि त्यांचे दोन दोस्त. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. व्हीलचेअर घडी करून ट्रॉलीत गेली. खाली दरी, समोर कडा. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी मात्र कडा बघत होते आणि हिरकणीचा विचार करत होते.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गडावर दूध घालायला आलेली बाई, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. शाळेत असताना मला हिरकणी आवडायची. आता तिच्याबद्दल वेगळंच वाटतं. आपल्याला हिरकण्यांचं कौतुक फार. ‘बघा, एका पायावर शिखर चढला! बघा, कुबड्या घेऊन मॅरेथॉन!’ फॉरवर्ड करा, टाळ्या वाजवा, हार घाला. पण दार बंद होतं हे कुणी बोलत नाही. प्रत्येकीनं रोज कडा उतरायचा असतो का? निदान गोष्टीतले महाराज नुसतं कौतुक करून थांबत नाहीत, ते उठून तिथं बांधकाम करतात. बुरूज बांधला तो शत्रूसाठी हे खरं, पण बाईनं कुठं जीव धोक्यात घातला हे जाऊन बघितलं ना!

ट्रॉलीतून उतरलो आणि समोर पुन्हा पायऱ्या. रोपवे तुम्हाला गडावर आणून सोडतो, पण मेणा दरवाजाकडं चढायला पायऱ्याच आहेत. मला सवय आहे. पोरांनी व्हीलचेअरचे चार कोपरे धरले, ‘मावशी, रेडी?’ म्हणाले आणि उचललं. मेणा दरवाजा हे नाव राणीवशाच्या मेण्यांवरून पडलं असं सांगतात. म्हणजे इथून उचलून आणलेल्या बायका आत जायच्या ही साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे! मी मान ताठ केली.

बाबा कठडा धरून वीसेक पायऱ्या चढले आणि बसले. ओठ पांढरे पडलेले. धाकटा भाचा म्हणाला, ‘आजोबा, थांबा, मावशीला वर ठेवून येतो, मग तुम्हाला उचलतो.’

‘मला कुणी उचलायचं नाही!’ बाबा असे ओरडले की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. ‘मी काय लुळापांगळा आहे?’

आणि मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. पोरं माझी खुर्ची धरून तशीच उभी. शेवटी मीच म्हटलं, ‘बाबा, मला तर तुम्ही अकराव्या महिन्यापासून उचलताय. मला कसं वाटत असेल, कधी विचारलंत?’

राग नव्हता हो त्यात. खरंच नव्हता. पण सदतीस वर्षांत हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता. उचलणं म्हणजे प्रेम, आणि प्रेमाला कोण काय विचारणार? एअरपोर्टवर, मॉलमध्ये, लग्नात लोक न विचारता माझी खुर्ची ढकलायला लागतात, तेव्हा मी परक्यांवर चिडते. घरच्यांवर कसं चिडायचं?

बाबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, ‘कसं वाटतं?’

‘कोण उचलतंय त्यावर आहे. आणि आधी विचारलं का, त्यावर.’

त्यांनी भाच्याकडं बघितलं. ‘ये रे. पण मी सांगीन तेव्हा उचल. आणि सांगीन तेव्हा ठेव.’

‘ओके, आजोबा.’

मला आधी वर नेऊन कट्ट्यावर बसवलं, मग तीच खुर्ची खाली नेऊन बाबांना आणलं. बाबांनी मधे दोनदा ‘ठेव’ म्हणून सांगितलं. उगाचच. दमले नव्हते, फक्त आपलं ऐकतात का हे बघत होते. ते मला बरोबर कळलं, कारण मीही तेच करते.

दुकान घोड्याच्या उंचीला

राणीवसा मागं टाकून राजसभेत आलो. ६ जून १६७४ ला जिथं राज्याभिषेक झाला ती जागा. इथं हिशोब केला. समाधी आणि जगदीश्वराचं देऊळ अजून बरंच लांब. वाट खडबडीत. खुर्ची एक, पोरं चार आणि पाय नसलेले दोघं. दोघांनाही न्यायचं तर अंधार होणार.

‘खुर्ची तुम्ही घ्या,’ मी बाबांना म्हटलं. ‘मी बसते इथं.’ या वेळी ते वाक्य खरं होतं. समाधी मी १९९४ ला त्यांच्या पाठीवरून बघितली होती. फिटंफाट!

बाबांना घेऊन पोरं नगारखान्याकडं निघाली. रायगडची ती करामत तुम्ही ऐकली असेल, नगारखान्यापाशी हळू बोललेलं सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतं. दोनशे फुटांहून जास्त अंतर, ना माइक ना स्पीकर. मी सिंहासनाच्या चौथऱ्याजवळ कुबड्या टेकून बसले होते. लांब नगारखान्याच्या कमानीत बाबांची खुर्ची थांबली. ते वळले असावेत. आणि माझ्या कानाशी कुणी बोलावं तसा आवाज आला :

‘येतो गं.’

मी रडले, असं लिहिलं तर संपादक म्हणतील फिल्मी होतंय. तेव्हा एवढंच लिहिते की डोळ्यात काहीतरी गेलं.

पण विचार करा. सगळ्यात मागं उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं पुढपर्यंत पोचावं अशी ही जागा आहे. कोणी तिथवर चालत येऊ शकलं नाही, तर त्याचा आवाज येतो! सगळ्या गडाचे स्थपती हिरोजी इंदुलकर. आणि नगारखान्यापलीकडची बाजारपेठ तर त्याहून भारी. दुकानांची जोती उंच आहेत. गाइड सांगतात, घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून. काही अभ्यासकांना हे पटत नाही, पण मला ही कल्पनाच आवडते. गिऱ्हाईक ज्या उंचीवर आहे त्या उंचीला दुकान नेलं. गिऱ्हाइकाला नाही म्हटलं, ‘आधी उतर, मग बघू.’ आमचं म्हणणं तरी याहून वेगळं काय आहे? आमची खुर्ची ज्या उंचीला आहे त्या उंचीला तिकीटखिडकी आणा. बास.

दीड तासानं बाबा परतले. चेहरा उजळलेला. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलंय, ते त्यांनी वाकून, हात लावून बघितलं होतं. एवढा गड बांधणाऱ्या माणसानं आपलं नाव भिंतीवर नाही, कळसावर नाही, पायरीवर घातलं. ‘पायरीवर नाव,’ बाबा म्हणाले. ‘तू असतीस तर म्हणाली असतीस, शेजारी रॅम्प पण कर!’

त्यानंतर सहा महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये बातमी आली. रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आणि ज्या बैठकीत हे ठरलं ती भरली होती कुठं? पॅरिसला! बाबांनी फोन करून विचारलं, ‘तुझ्या त्या लिफ्टवाल्यांच्या गावात ना?’ हो बाबा, त्याच गावात. आता जग येईल रायगडावर. व्हीलचेअरवरचं जगही येईल.

कागद आणि पाणी

उतरल्यावर महाडात चवदार तळ्यापाशी गाडी थांबवली. बाबा दरवेळी थांबवतात, तीस वर्षांची सवय. तळ्याच्या काठी दिवे लागले होते.

हा इतिहास आपण शाळेत दोन ओळींत शिकतो, म्हणून तारखा नीट बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ ला केला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं! पण तळ्याचं पाणी कुणाला घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यावर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, कोर्टकज्जा झाला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

जातीचा अपमान आणि माझी पायऱ्यांची अडचण एक नव्हे. कुणी मला विटाळ मानलं नाही, तळ्यावरून परतताना कुणी डोकं फोडलं नाही. ती तुलना मी करणार नाही. पण या तळ्यानं शिकवलेला एक धडा सगळ्यांसाठी आहे, की खुलं आहे असं लिहिणं वेगळं आणि तिथपर्यंत पोचता येणं वेगळं. आमचा पहिला कायदा १९९५ चा. दुसरा २०१६ चा, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेत. सुगम्य भारत अभियान २०१५ ला सुरू झालं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की सुगम्यतेचे नियम म्हणजे नुसत्या सूचना नव्हेत, ते बंधनकारक हवेत. एकोणतीस वर्षं! कागद आहे. पाणी यायचंय.

जाणार असाल तर

घरातल्या कुणाचे गुडघे, कंबर, पाय कुरकुरत असतील आणि महाडला जायचं असेल, तर अनुभवाचे चार बोल :

रायगडला शनिवार-रविवार आणि पावसाळा टाळा. वारा-पाऊस वाढला की ट्रॉली थांबते, त्यामुळं निघण्याआधी फोन करून खात्री करा. वर पायऱ्या आहेत हे धरूनच चला, घडीची खुर्ची आणि चार दणकट हात बरोबर ठेवा. राजसभेपर्यंत गेलात तरी पैसे वसूल!

चवदार तळं गावातच आहे, गाडी जवळ जाते. कोकण रेल्वेनं येणार असाल तर महाडला जवळचं स्टेशन वीर. पुण्याहून ताम्हिणीमार्गे या. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो.

लूव्रला जाणार असाल तर मंगळवार सोडून. मंगळवारी बंद. अपंगत्वाचं कार्ड विसरू नका आणि मेट्रोच्या नादी लागू नका.

आणि कुणालाही उचलण्याआधी, ढकलण्याआधी, हात धरण्याआधी विचारा. दोन शब्द लागतात : ‘मदत करू?’ समोरचा नको म्हणाला तर राग मानू नका.

परत त्याच खिडकीपाशी

दुसऱ्या दिवशी मला पुण्याला परतायचं होतं. बाबा म्हणाले, पाल्यापर्यंत सोडायला येतो. भाच्यानं लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लावली. मी खाली उतरून पहिल्या पायरीपाशी उभी राहिले. वर बघितलं. पायऱ्या तशाच. कुबड्यांवर दहा चढेन, पंधरा चढेन. पुढं नाही. इथं रोपवे होणार नाही, डोंगर पोखरून लिफ्ट बसवा असं मीही म्हणणार नाही. पण खाली, रस्त्याच्या पातळीला, वरच्या लेण्यांची एखादी प्रतिकृती, हात लावून बघता येईल असा शिलालेखाचा ठसा, दोन बाकं? एवढं तर होऊ शकतं. तेवढ्यानंही आठवीतल्या कुणा पोरीचे दोन तास बरे जातील.

भाचा म्हणाला, ‘मावशी, मी पळत जाऊन व्हिडिओ काढून आणतो. प्रत्येक खोलीचा. घाई नाही ना?’

‘नाही. सगळं नीट दाखव. शिलालेख सोडू नकोस. आणि “नुसत्या खोल्या” म्हणालास तर याद राख.’

तो गेला. त्यानं आपली सॅक माझ्याजवळ ठेवली, त्याच्या दोस्तानं त्याची. माझी बॅग होतीच. बाबा काठी टेकत आले, पहिल्या पायरीवर माझ्या शेजारी बसले आणि पिशव्यांकडं बघून हसले. आठवीची ती गोष्ट त्यांना माहीत आहे.

या वेळी पिशव्या सांभाळायला दोघं होतो.